तिथलं

अमेरिकेत, फ्रिस्कोत रोज फिरायला भेटणारे काका शेजाऱ्यांची दुखणी मोठ्यानं सांगत, स्वतःचं मात्र कुजबुजत. प्रोस्टेटला ते ‘तिथलं’ म्हणत. रक्ततपासणीच्या आधी त्यांनी माझ्यापुढे फोन धरला. “हॉस्पिटलच्या ॲपमधून मुलाचं नाव काढ. बापाचं तिथलं मुलानं वाचायचं?” मी हसून मान डोलावली आणि नाव काढलं.

नंतर रिपोर्टचं विचारलं की म्हणायचे, “वाईट असता तर फोन आला असता.” अनोळखी नंबर ते कधीच उचलत नसत.

परवा, आठ महिन्यांनी, कंबर धरत त्यांनी मलाच ॲप उघडायला लावलं. ‘कॅन्सरची शंका आहे, लगेच या’ असे तीन मेसेज न वाचता पडले होते. मुलानं पहिलाच वाचला असता.

काका कुजबुजले, “त्याला सांगू नकोस हं.”

मी पुन्हा मान डोलावली.