घडीमावशीच्या चार स्लाइड्स

रुग्णालयाच्या तळघरातल्या धुलाईघरात सव्वीस वर्षं काढलेल्या त्या बाईला सगळे घडीमावशी म्हणत. चादरींचं सोडा, हातात बसचं तिकीट आलं तरी त्याची चौपदरी घडी झालीच म्हणून समजा. आणि चौकस तर अशी, की लिफ्ट बंद पडली की बाकीचे जिना धरतात, ही मात्र दुरुस्तीवाल्याच्या खांद्यावरून डोकावते.

मागच्या महिन्यात तिच्या जोडीदारणीच्या बोटात सुई घुसली. वापरलेली, कुणा डॉक्टरच्या कोटाच्या खिशात विसरलेली. आता पुढचे काही महिने रक्ततपासण्या, आणि तोवर बिचारी घरी लेकीला घास भरवायलाही बिचकते. घडीमावशी म्हणाली, बास झालं. कपडे खाली यायच्या आधी वॉर्डातच खिसे तपासले गेले पाहिजेत. तिने तसा अर्ज दिला.

"अर्ज कोण वाचतंय, मावशी?" मेट्रनबाई म्हणाल्या. "मंगळवारी समिती बसणार आहे. दहा मिनिटं देते. स्लाइड्स करून आणा."

दुसरी कुणी असती तर तिने काढता पाय घेतला असता. हिचे डोळे चमकले.

भाची विमा कंपनीत होती, आठवड्याला तीन प्रेझेंटेशन्स करायची. मावशी त्याच संध्याकाळी तिच्या लॅपटॉपला चिकटली.

"हे दाबलं तर काय होतं गं?"

"अक्षरं उडत येतात."

"आणि हे?"

"गरगर फिरत येतात. मावशी, हात मागे घे बघू!"

कसली ऐकते! दोन दिवसांत पहिली स्लाइड तयार झाली: तेवीस ओळी, चार रंग, प्रत्येक ओळ टुणटुण उड्या मारत येणारी. भाचीने डोक्याला हात लावला.

"हे वाचणार कोण?"

"सव्वीस वर्षांचं सांगायचंय मला. जास्त होणारच!"

"परवा मी मशीन काठोकाठ भरलं तर केवढी ओरडलीस माझ्यावर?"

"मग! कपड्यांना हलायला जागा नको? पाऊणच भरायचं. नाहीतर पाणी फिरत नाही, मळ तस्साच..." मावशीचं वाक्य तिथेच अडकलं. तिने एकदा भाचीकडे पाहिलं, एकदा स्लाइडकडे, आणि मुकाट्याने एकवीस ओळी पुसल्या.

शेवटी उरल्या चार स्लाइड्स. भाचीने एक गंमत दाखवली: "बोलायचं ते या खालच्या चौकटीत लिही. ते फक्त तुला दिसतं, भिंतीवर जात नाही." मग काय, मावशीने तिथे अगदी मन मोकळं केलं.

मंगळवारी समितीच्या खोलीत तिने लॅपटॉपला प्रोजेक्टरची वायर जोडली. पहिली स्लाइड सुरू केली आणि बघते तर लॅपटॉपवर नुसतं सुईचं चित्र. टिपा गायब! ती कळा दाबून शोधतेय तोवर मागे खुसखुस सुरू झाली. वळून पाहते तर काय, भिंतीवर चित्राखाली हातभर अक्षरांत तिचीच टीप: 'इथे मोठे डॉक्टर घड्याळ बघतील. बघू देत. आपण थांबायचं नाही.'

आणि मोठ्या डॉक्टरांचं मनगट, खरंच, डोळ्यांसमोर उचललेलं!

"अगंबाई," मावशी वायर चाचपत म्हणाली, "हे तिकडे गेलं कसं?"

डॉक्टरांनी हात हळूच खाली घेतला. त्यांनाही हसू आवरेना. "पुढच्या स्लाइडला मी काय करणार आहे, मावशी?"

"उठून जवळ येणार आहात, साहेब."

तिने कळ दाबली. भिंतीवर आली पांढरी चादर आणि तिच्यावर महिन्याभरात खिशांतून निघालेलं सगळं. ज्या खिशातलं त्या खिशाप्रमाणे मांडलेलं: पेनं, कात्र्या, चष्मा, सात सुया. सगळे खरंच उठले. "अरे, ही माझी चावी!" "माझा चष्मा इथे होता होय!" मोठे डॉक्टर आपल्या चांदीच्या टोपणाच्या पेनाकडे बोट दाखवायला गेले, आणि बोट अर्ध्यातच राहिलं. पेनाशेजारी, त्याच खिशातली, लाल वर्तुळ केलेली सुई होती.

खाली टीप होती: 'हीच ती सुई. कोटाच्या कॉलरवरचा धुलाईचा नंबर मला माहीत आहे. नाव घ्यायचं नाही. ज्याचं त्याला कळेल.'

मोठे डॉक्टर मावशीकडे वळले.

"तिची तब्येत कशी आहे?" डॉक्टरांनी हळू विचारलं.

"आजवरचे रिपोर्ट चांगले आहेत. शेवटचा यायचाय."

तिसरी, चौथी स्लाइड लावायची वेळच आली नाही. सोमवारपासून प्रत्येक वॉर्डात खिसे रिकामे करायचा ट्रे आणि तपासणाऱ्याची सही, असं तिथेच ठरलं. बैठक संपल्यावर मोठे डॉक्टर तळघराचा जिना उतरले. जोडीदारणीशी काय बोलले ते मावशीने ऐकलं नाही. म्हणजे ऐकायला गेली होती, पण मशीनचा आवाज फार होता.

मग तिने भाचीला फोन लावला.

"अगं, त्या टिपा भिंतीवर गेल्या!"

"अरे देवा! स्लाइडचा आणि टिपांचा पडदा उलटा जोडला गेला असणार. मग गं?"

"मग काय, झालं काम. पण मला एक सांग, पुढच्या वेळी तसं मुद्दाम करायचं असेल तर कुठलं बटण दाबायचं?"