बेडकाचा आठवा किल्ला

"मेला म्हणू नको. पडला म्हण." समोर उघडलेल्या रेडिओवरून मान न उचलता चाचा हे दिवसातून पन्नास वेळा म्हणायचे.

खामगावात कापूस बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. कोपऱ्यात एक छोटा टीव्ही आणि व्हिडिओ गेम. गेम एकच, रविवारी सकाळी लागणाऱ्या कार्टूनमधल्या लाल चड्डीवाल्या बेडकाचा. बेडूक खड्ड्यात गेला की आम्ही पोरंपोरी "मेला, मेला" म्हणून गलका करायचो. बाहेर ओट्यावर कापूस घेऊन आलेले शेतकरी नंबर लागायची वाट पाहत बसलेले असायचे. नवं बीटी बियाणं पेरूनही हाती काही लागत नव्हतं, गावागावांतून वाईट बातम्या येत होत्या. चाचांना तो शब्द दुकानात नको होता.

मी शिकायला खामगावात मामांकडे होते. एकदा बाबा आमच्या गावाहून, उंद्रीहून, कापूस घेऊन आले आणि दोन दिवस त्यांचा नंबर लागेना. चाचांनी त्यांना हाताला धरून आत आणलं आणि गेम हाती दिला. बाबा तासभर खेळले. "याले दाबलं तं हा उडी तरी मारते," म्हणाले. त्या हंगामात मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

गेमचे किल्ले आठ. सातपर्यंत आम्ही जायचो, आठव्यात बरंच आत गेलो की नेमकी विजेची लाईन जायची. लाईन आली की पुन्हा पहिल्यापासून. आठव्याच्या पलीकडे काय आहे, हे पाहायचा चाचांनी ध्यासच घेतला होता. एका दुपारी त्यांनी एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी सोडवून टीव्हीला जोडली. बेडूक आठव्या किल्ल्यात शिरला आणि बॅटरी बसली. मग ट्रॅक्टर काही चालू होईना. ओट्यावरच्या सगळ्यांनी मिळून धक्का मारला, चाचा सर्वांत पुढे. "पाहून घ्या, एक दिवस पोचतोच मी," असं धापा टाकत सांगत होते. ट्रॅक्टरवाला काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढे हाताहातांत मोबाइल आले, दुकान बंद झालं, मी नोकरीला पुण्यात गेले. मागच्या वर्षी तोच गेम मला कॉम्प्युटरवर सापडला. सात किल्ले एका बैठकीत घेतले आणि थांबले. आठवा एकटीनं घेणं मला चोरीसारखं वाटलं. तिथवरचा खेळ जपून ठेवला आणि सुट्टी काढून लॅपटॉपसकट खामगाव गाठलं.

चाचांचे हात आता थरथरत होते. "तू दाब, मी सांगतो," म्हणाले आणि चष्मा स्क्रीनला टेकेल इतके पुढे सरकले. त्यांना सगळं पाठ होतं हो. कुठला दगड कधी पडतो, वटवाघूळ कितव्या फेरीला खाली येतं, सगळं.

"थांब. घाई काऊन करून राह्यली? येऊ दे त्याले. आता मार."

चार वेळा पडलो. पाचव्यांदा दार उघडलं. पलीकडे एक तळं, काठावर बेडकाचं घर. बेडूक जाऊन दारात बसला, बस, एवढंच. चाचा मात्र उठून उभे राहिले. त्यांनी चाचींना हाक मारली, शेजारपाजारच्यांना बोलावलं, कुणाला लॅपटॉप बंद करू देईनात. चाचींनी ईद नसताना शिरखुर्मा केला. एवढा आनंद मला नोकरी लागली त्या दिवशीही झाला नव्हता.

यंदाच्या थंडीत चाचा गेले. घरच्यांना भेटायला मी गेले तेव्हा त्यांचा मुलगा हळूच म्हणाला, "अब्बा सगळ्याइले सांगत होते, आठवा किल्ला म्या एकट्यानं घेतला. दवाखान्यातल्या नर्सलेबी सांगितलं. खरं काय, ताई?"

"हाव," मी म्हटलं, "मी तं नुसती बाजूले बसली होती."