आउटचा रकाना

सुरुवातीलाच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. आम्ही बौद्ध. अंगारे-धुपारे, नवस-सायास माझ्या आईनेच कधीचे घराबाहेर काढले. त्यात मी वाशीला पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. रिपोर्टवर येईल तेवढंच खरं, असा माझा खाक्या! लॅबमधल्या पोरी भुताखेतांचं सांगायला लागल्या की सगळ्यात आधी मीच खिदळायचे... म्हणून तर हे लिहायला दोन वर्षं लागली.

आम्ही घणसोलीत सहाव्या मजल्यावर राहतो. गॅलरीतून खाली गावातली दाटीवाटीची घरं दिसतात, पलीकडे खाडी. माझे मिस्टर, सुधाकर, फौजेत होते. सरहद्दीवरून परत आले खरे, पण कुकरची शिट्टी झाली की भिंतीला चिकटायचे. झोप जेमतेम तासभर. पूर्वी सुट्टीवर आले की ‘सुजे, सुजे’ करत ओट्याभोवती लुडबुड करणारा हा माणूस मला नावाने हाकच मारेनासा झाला. दिवसा एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझरचं काम करायचे. घरी आले की संध्याकाळी सहाला गॅलरीत जाऊन उभे, ते जेवायची वेळ टळेपर्यंत. मी आत, ते बाहेर, मध्ये सरकतं दार. दहा फुटांवर उभ्या असलेल्या नवऱ्याची मला चार वर्षं रोज आठवण यायची.

कारण ठाऊक होतं. चौकीवर ह्यांचा जोडीदार होता मारुती, सांगलीकडचा. त्यांच्यात पद्धत अशी, की बदलीवाला येऊन खांद्यावर हात ठेवून ‘जा, मी आहे’ म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. त्या संध्याकाळी मारुती ह्यांची बदली करायला निघाला आणि वाटेतच गोळीबारात गेला. हे बर्फात उभेच. दुसऱ्या दिवशी लोकांनी अक्षरशः उचलून खाली आणलं.

ह्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी मला कागदावर मेंदू काढून समजावलं होतं. धोक्याची घंटा वाजवणारा एक भाग असतो, ती ह्यांची बंदच होत नाही. आणि ‘हे होऊन गेलं’ असा शिक्का आठवणीवर मारणारा जो भाग, तो दमलाय. “त्यांच्यासाठी ती संध्याकाळ अजून संपलेली नाही,” मॅडम म्हणाल्या. मला पटलं. गोळ्या चालू होत्या, थोडा फरकही होता. पण गॅलरी काही सुटत नव्हती.

मे महिन्यातला रविवार. पावणेसात वाजले होते, मी कणीक मळत होते. इंटरकॉम वाजला. आमचे वॉचमन पाटीलकाका, घणसोली गावातलेच.

“मॅडम, साहेबांकडं मानूस आयलाय. बदलीला आलोय बोलतं. सोडू का वर?”

कंपनीतले गार्ड अधूनमधून किल्ल्या न्यायला येतात. मी म्हटलं, “सोडा काका.”

बेलची वाट पाहत राहिले. बेल वाजलीच नाही. गॅलरीतून मात्र ह्यांचा आवाज आला... रागावलेला, पण लाडाने रागावतात ना, तसा.

“किती उशीर केलास रे, मारत्या!”

मी कणकेच्या हातानेच धावले. गॅलरीत हे एकटेच होते. डावा खांदा किंचित खाली झुकलेला. मग सरकतं दार उघडून आत आले, स्वयंपाकघरात जमिनीवर बसले, पिठाच्या डब्याला पाठ टेकली.

“सुजे, चहा टाक. बदली आली.”

चार वर्षांनी माझं नाव! मला रडू आवरेना. हे चहा प्यायले, माझ्याशेजारी बसून दोन चपात्या खाल्ल्या आणि झोपले ते थेट सकाळी उठले.

सकाळी मी पाटीलकाकांना गाठलं.

“कोन ते म्हायती नाय, मॅडम. पन एवढ्या उकाड्यात जाडजूड कोट घातलेला! मी बोललो, आधी नाव लिवा.”

रजिस्टर पुढे केलं. नाव - मारुती. काम - बदली. इन - ६.४५. आउटचा रकाना रिकामा. कंपनीत विचारलं, त्यांनी कुणालाच पाठवलं नव्हतं. आणि हे नाव सोसायटीत कुणाला माहीत असायचं कारणच नाही.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, मन कधीकधी स्वतःच स्वतःची सुटका करतं. असेल. पण रजिस्टरमध्ये लिहिलं कोणी? ह्याला माझ्याकडे रिपोर्ट नाही.

हे आता बरे आहेत. कुकरला अजून दचकतात, पण संध्याकाळी आत माझ्याजवळ बसतात. मारुतीची आई महिन्यातनं एकदा फोन करते. “सुदाकर जेवतुया का गं नीट?” एवढंच विचारते. तिला हे सांगायचं धाडस मला झालेलं नाही.

कारण पुढच्या आठवड्यात पाटीलकाकांनी विचारलं होतं, “मॅडम, सेक्रेटरी वरडतोय. त्या मानसाचा आउट टाकू का?”

“नको,” मी पटकन म्हणाले.

मग लिफ्टमध्ये माझीच मला लाज वाटली. माझा माणूस आत आला. तिचा अजून बाहेर, गॅलरीत उभा आहे... त्याची बदली करायला कोण येणार?