त्यांनी निवडलेला शेवटचा स्विच

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, त्यानंतर लिहिलं ते फक्त वाण्याच्या याद्या. तेव्हा वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. आमचे हे गेले त्याला बरेच महिने होऊन गेले. शेवटचं धड बोलणं झालं ते एका दुपारी, मी त्यांना पेज भरवत होते तेव्हा. मध्येच तोंड बाजूला घेऊन म्हणाले, "प्रसादच्या ॲम्प्लिफायरचा स्विच... सैल होता ना?" मी हो म्हणाले. मग म्हणाले, "परत आण तो."

हे कंपनीत वायरमन होते. कंपनीने पैसे देऊन माणसं घरी पाठवली, त्यात हेही आले, आणि आमच्या दोन खोल्यांतली एक यांनी बनवायला घेतलेल्या ॲम्प्लिफायरनी भरली. दुकानांत तेव्हा परदेशी म्युझिक सिस्टीमची खोकी रचलेली असायची. तरी घरी बनवलेलाच हवा म्हणणारे काही हौशी असत, ते यांच्याकडे येत. आतलं कुणाला दिसत नाही, पण समोरच्या सिलेक्टरला रोज हात लागतो, असं हे म्हणायचे. सिलेक्टर म्हणजे फिरवायचं बटण. रेडिओ, टेप, रेकॉर्ड की सीडी, ते त्यावर ठरवायचं. त्याचा स्विच घ्यायला मला बुधवार पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात नेत, कारण तो बाईच्या हातालाही जमला पाहिजे. प्रत्येक जागेवर टक करून बसला पाहिजे, अडता कामा नये आणि निसटताही कामा नये. डबाभर स्विच कानाशी नेऊन फिरवत बसत. दुकानदार पित्रे एकदा म्हणाले, "अहो, स्विच घेताय की मुलगी बघताय?" हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुलगी बघायला इतका वेळ लागला नव्हता."

आमचं घर स्वारगेटच्या मागे. डेपोत वळणाऱ्या बसने फळीवरची भांडी वाजतात. नवा ॲम्प्लिफायर त्या फळीवर रात्रभर ठेवायचा, ही यांची परीक्षा. जड पितळी बटणावरची पांढरी खूण सकाळी जागची हललेली असली, की स्विच काढून पुन्हा पेठेत.

मग कधीतरी घरातल्या वस्तू बिघडायला लागल्या. म्हणजे हे तसं म्हणायला लागले. शर्टाच्या गुंड्या हल्ली मोठ्या करतात, कपांचे कान निसरडे असतात, कुलूप गंजलंय. मी त्याच कुलपात किल्ली घालायची, ती सहज फिरायची. पेला निसटला की हे आधी पेल्याकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि मी खाली बघायची.

त्याच दिवसांत प्रसादचं काम आलं. हा कॉम्प्युटर कंपनीतला मुलगा, पगार चांगला, सगळे पैसे आगाऊ दिले. आम्ही पेठेत गेलो. हे एकेक स्विच फिरवून बाजूला टाकत होते, सगळे जाम आहेत म्हणत होते. मी त्यातला एक उचलला. चांगला होता, टक करून बसत होता. शेवटी यांनी एक निवडला, तो माझ्या बोटाखाली लोण्यासारखा सरकला. दुकानात मी कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी मी म्हणाले, "अहो, हा सैल आहे."

"तुझा हात जड झालाय," हे म्हणाले.

पित्र्यांनी यांच्या हाताकडे बघितलं. त्यांना काहीतरी टोमणा सुचलाच असेल, पण बोलले नाहीत. स्विच कागदात बांधून दिला. ॲम्प्लिफायर तयार झाला, पण यांनी तो फळीवर ठेवलाच नाही. प्रसादला घाई आहे म्हणाले.

त्यानंतर उजवा हात गेला, मग डावा. डॉक्टर म्हणाले नसांचा आजार आहे, वर चढत जाईल. चढत गेला. स्विचचं नाव यांनी पेजेच्या त्या दुपारपर्यंत काढलं नाही... पण मनातून तो गेलेला नव्हता.

दिवसकार्य झाल्यावर आमच्या मुलीला घेऊन प्रसादकडे गेले. तो म्हणाला, "काकू, राहू दे ना. कधीतरी आपोआप सरकतो, एवढंच." त्याच्या 'सरकतो' या शब्दानेच माझा धीर वाढला. म्हटलं, यांनी परत आणायला सांगितलंय, आणि ॲम्प्लिफायर घेऊन आले. त्याचे आगाऊ पैसे औषधांत गेले होते. मी दोन घरच्या पोळ्या करते, त्यातून थोडे थोडे परत देत गेले. तो नको म्हणायचा, मी टेबलावर ठेवून यायची.

ॲम्प्लिफायर आता त्याच फळीवर आहे. पित्रे म्हणाले, घेऊन या, चांगला स्विच घालून देतो. मी नेला नाही. सकाळी खूण रेडिओवर आणते. बस वळते, भांडी वाजतात, आणि खूण सरकून रेकॉर्डवर जाते. तिथे काहीच जोडलेलं नाही, आवाज बंद होतो. मी कणकेच्या हाताने पुन्हा मागे आणते. एका बोटाने येते. यांच्या हातात शेवटी जेवढा जोर उरला होता, तेवढाच पुरतो.

काल प्रसादला उरलेले पैसे दिले. या वेळी त्याने नको न म्हणता खिशात ठेवले. सगळे फिटले. घरून निघताना रेडिओ मुद्दाम चालू ठेवून गेले होते. परत येऊन दार उघडलं, तर घर गप्प होतं.