बदल्यात दिलेला लिफ्टर

व्हॉलीबॉलमध्ये लिफ्टरचं नाव कुणी घेत नाही. टाळ्या स्मॅश मारणाऱ्याला, शिव्या बॉल सोडणाऱ्याला. मधला जो माणूस बोटांवर बॉल झेलून तो नेटच्या वर अलगद ठेवतो, त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नसते, कारण तोवर सगळ्यांच्या माना वर गेलेल्या असतात. मी आमच्या साखर कारखान्याच्या टीमचा लिफ्टर होतो, आणि मला ते काम मनापासून आवडायचं.

नोकरी काट्यावर होती, म्हणजे उसाच्या गाड्या तोलायच्या वजनकाट्यावर. त्यामुळं सगळे मला ‘काटेवाले’ म्हणत. आमच्या बौद्धवस्तीतून कारखान्यात कायम झालेला मी पहिलाच. आईला माझ्या नोकरीचं कौतुक होतं आणि मला टीमचं. पाळी सुटली की कॉलनीमागच्या मैदानावर बॉयलरच्या राखेनं रेघा मारायच्या, कॅन्टीनमधलं भांडी धुतलेलं पाणी बादलीनं आणून शिंपडायचं आणि बॉल दिसेनासा होईपर्यंत खेळायचं. त्या ओल्या मातीला भाताचा आणि मसुरीच्या डाळीचा वास यायचा. आजही कुठं तसा वास आला की माझी बोटं आपोआप वर होतात. बायको हसते.

त्या साली मात्र पाऊस नव्हता. आदल्या सालीही नव्हता. शेतात उभा होता तेवढा ऊस छावणीतल्या जनावरांच्या पुढं गेला आणि बॉयलर पेटलाच नाही. काट्यावर एक गाडी येईना. मी रोज जाऊन काटा पुसायचो, थोडा वेळ बसायचो आणि परत यायचो. पगार कधी अर्धा व्हायचा, कधी पुढं ढकलला जायचा. मैदानावर पाणी शिंपडणं बंद झालं, कारण कॅन्टीनच बंद झालं. खेळून आलं की थुंकी मातीच्या रंगाची पडे. तरी खेळ थांबला नाही. उलट जास्तच खेळायचो, दुसरं करायला होतं काय?

आमचा कॅप्टन कारखान्याच्या शेतकी खात्यात होता. बागायतदाराच्या घरचा, चुलता संचालक मंडळात. त्याला सगळे दादा म्हणत, मीही म्हणायचो. माणूस मनानं वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढं वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायचा. सहकार सप्ताहात दरवर्षी जिल्ह्यातल्या सहकारी संस्थांच्या टीमचे सामने वडवणीला बाजाराच्या मैदानावर होत. दरवर्षी आम्ही फायनलला जायचो आणि दरवर्षी दूध संघ आम्हाला हरवायचा. कारण उघड होतं. मी वर ठेवलेला बॉल आमची मंडळी एकतर नेटमध्ये घालत, नाहीतर थेट बाभळीच्या पल्याड. दादाला त्या साली काहीही करून कप पाहिजे होता. कारखाना बंद, लोक छावणीत, निदान कप तरी येऊ दे, असं तो म्हणायचा. मला ते पटायचं.

आणि सूतगिरणीच्या टीममध्ये एक शूटर होता, म्हणजे स्मॅश मारणारा. चकलांब्याच्या सामन्यांत मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. काडीसारखा सडपातळ, पण उडी मारली की वरच थांबल्यासारखा वाटायचा, आणि हात फिरला की समोरचे लोक आधी डोकं वाचवत. डोकं मात्र त्याचं त्याच्या ताब्यात नव्हतं. पंचानं बॉल बाहेर दिला म्हणून त्यानं तो बॉल गावच्या विहिरीत नेऊन टाकला होता. विहीर कोरडी होती, म्हणून पोरांनी उतरून काढला. दुसऱ्या एका सामन्यात त्यानं नेटचा खांब उपटला आणि खांद्यावर घेऊन घरी निघाला. गिरणीवाले त्याला कंटाळले होते. गिरणीचे चेअरमन आणि आमचे चेअरमन व्याही. एकमेकांकडून माणूस मागून घ्यायचा तर व्याह्याव्याह्यांत एक चहा पुरायचा. तेव्हा सहकारात बदल्या अशाच व्हायच्या.

प्रश्न एवढाच होता की हे लफडं घ्यायचं का. लिंबाखाली बैठक बसली. वर्कशॉपमधला म्हातारा फिटर आमचा सगळ्यांत जुना खेळाडू. तो म्हणाला, “मारका बैल हाय तो. ओढीला लई चांगला, पण बांधायचा कुठं?”

दादाचा चुलतभाऊ आमच्यात राखीव होता. तो म्हणाला, “पंचाला हाणलं तर सगळी टीम बाद व्हईल. त्यापरीस हारलेलं बरं.”

मी बैठकीत सहसा बोलत नसे. त्या दिवशी मात्र तोंड उघडलं ते मिटेचना. म्हणालो, “जनावर मारकं कावून होतं? जोडी जुळत न्हाई म्हणून. त्याला तिथं बॉल कसे मिळतेत बघितलं का तुमी? एक डोक्याच्या मागं, एक गुडघ्यापशी. मग डोकं फिरंल न्हाई तर काय? त्याला हिकडं आणा. मी उचलून देतो, मग बघा.”

सगळे माझ्याकडं बघत राहिले. फिटर हसला आणि म्हणाला, “काटेवाल्याला लगीन ठरल्यावानी झालंय.” खोटं नव्हतं ते. इतकी वर्षं मी ताट वाढत होतो आणि जेवणारा मिळत नव्हता. हात वर झाले, ठरलं. दादा मोटारसायकलवर सूतगिरणीकडं गेला.

परत आला तो सरळ काट्यावरच आला. मी फडकं घेऊन बसलो होतो. तो माझ्याकडं न बघता काट्याच्या लोखंडी पाटावर जाऊन उभा राहिला.

“काम झालं,” म्हणाला. “पण फुकट कसं देऊ म्हणतेत. एक गडी मागतेत.”

“कोण?”

“त्यांच्याकडं लिफ्टर न्हाई.”

मला क्षणभर कळलंच नाही. मी म्हणालो, “मग त्याला बॉल कोण देणार?”

“माझा भाऊ देईल की. बॉल उचलायलाच तर लागतंय,” दादा म्हणाला. आणि मग लगेच, मला बरं वाटावं म्हणून, “तुझं तर भलंच हाय बघ. गिरणी चालू हाय, पगार हातात पडंल. हितं काय, काटाच पुसतूस.”

यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, हीच पंचाईत. गिरणी चालू होती. पगार पूर्ण मिळणार होता. आईनं तर ऐकल्याबरोबर बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली. मी तोंड पाडून बसलो तर लोक म्हणणार, दुष्काळात दोन घास नीट मिळतायत आणि हा रडतोय. टीममधल्या बाकी प्रत्येकाचा कुणी ना कुणी संचालक मंडळात होता. माझा नव्हता. हे कुणी बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. फिटर तेवढा म्हणाला की हे उलटं होतंय, पण दादाच्या चुलत्यानं होकार आधीच कळवून टाकला होता. नोकरीची बदली मला सहन झाली असती. पण “उचलायलाच तर लागतंय” हे वाक्य माझ्या छातीत बसलं. दादाला हेही माहीत नव्हतं की मी काय करत होतो.

गिरणीच्या फाटकाशी मी ट्रंक घेऊन उतरलो, तर तो शूटर स्वतःची ट्रंक घेऊन तिथंच उभा. मला आणलेल्या टेम्पोतूनच त्याला कारखान्यावर जायचं होतं. मला ओळखून हसला. हसताना तो अगदीच कोवळा दिसायचा.

“काटेवाले, तुमी हितं?”

“तुमच्या जागी आलोय. तुमी तिकडं, मी हिकडं.”

त्याचं हसू गेलं. तो ट्रंकेवरच बसला. “येडे हायत का बे ते?” म्हणाला. “म्या चकलांब्याला तुमचा हात बघितलता. तवापास्नं सायबाच्या मागं लागलतो, मला तिकडं धाडा म्हणून. तुमच्यासाठी निघालतो मी. अन् त्यांनी तुमालाच देऊन टाकलं?”

टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. नोकरी होती, जायला तर लागणारच. त्यानं ट्रंक टेम्पोत अशी आदळली की ड्रायव्हरनं दोनदा मागं वळून पाहिलं. बैलबाजारात अडाणी माणूससुद्धा जोडी लावायला बैल आणताना गोठ्यातला बैल विकून येत नाही. आमच्यात तर सगळे शेतकऱ्याचेच लेक होते.

वडवणीला चिठ्ठ्या पडल्या आणि पहिलाच सामना निघाला सूतगिरणी विरुद्ध कारखाना. नेटच्या पल्याड माझीच माणसं. फिटरनं हात केला. दादानं मान हलवली. शूटर नुसताच बघत राहिला.

त्यानं पहिला बराच वेळ डोकं ताब्यात ठेवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि कुणी काही म्हटलं तरी सांगणार. चुलतभाऊ बॉल उचलायचा, तो एकदा नेटला चिकटायचा, एकदा पार मागं जायचा. शूटर उडी मारून हवेतच वळायचा, जमेल तसं ढकलायचा. दादा ओरडायचा, “मार की. आणलंय कशाला तुला?” बघ्यांना त्याची ख्याती माहीत होती. आता खांब उपटतो का पंचाला धरतो, म्हणून लोक पुढं सरकून बसले होते. एक बॉल त्याच्या डोक्यावरून मागं गेला, तो तोंडघशी पडला आणि लोक हसले. तो उठला. कोपर फुटलं होतं. दादानं परत तेच म्हटलं, “आणलंय कशाला तुला?”

तो वाकून नेटखालून आमच्या बाजूला आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

“एक उचला,” म्हणाला.

पंचाची शिट्टी सुरू झाली. दादा पलीकडून त्याचं नाव घेऊन ओरडत होता. माझ्या पायाशी बॉल होता. मी तो घेतला, स्वतःच वर टाकला आणि दोन्ही हातांच्या बोटांवर घेऊन नेटच्या वर ठेवला. घाई केली नाही. तो मागं सरकला, धावला, उडाला, आणि हात फिरला. बॉल पलीकडच्या मैदानाच्या बरोबर मधोमध पडला आणि माती माणसाच्या छातीएवढी उडाली. कारखान्याच्या उरलेल्या पाच जणांपैकी कुणीही जागचं हललं नाही.

अर्थात तो पॉइंट कुणाचाच नव्हता. पंचानं आम्हा दोघांना बाहेर काढलं आणि सबंध सप्ताहासाठी बाद केलं. आम्ही मैदानाबाहेर हातगाडीवर गुळाची गुडीशेव खाल्ली. कोपरावर त्यानं चहाचं फडकं बांधलं होतं. एवढा शांत माणूस मी कधी पाहिला नाही. कप दूध संघानं नेला. पुढं त्यानं नोकरी सोडली आणि ऊसतोडीच्या टोळ्या वाहणाऱ्या ट्रकवर गेला. पुन्हा आमची गाठ पडली नाही. मला त्याची आठवण येते, आणि येते तेव्हा लई येते.

मी गिरणीतच राहिलो. पुढच्या साली पाऊस झाला, त्याच्या पुढच्या साली ऊस उभा राहिला आणि बॉयलर पेटला. हंगाम सुरू व्हायच्या आधी एका दुपारी दादा मोटारसायकलवर माझ्या खोलीवर आला. अंगानं जरा सुटला होता. तोवर माझं लग्न झालं होतं, बायकोनं चहा केला. त्यानं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सांगितलं की काटा परत सुरू होतोय, टीमही बसवायची आहे, चुलतभावाच्यानं काही होत नाही.

“चल परत,” म्हणाला. “व्याह्यांचं बोलणं झालंय.”

मी म्हणालो, “दादा, बदल्यात कुणाला देताय?”

मी चिडून विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. त्यानं कप खाली ठेवला. काहीतरी आठवल्यासारखं केलं, मग खिशातून किल्ली काढली. मी दारापर्यंत सोडायला गेलो. मला जायचं होतं. मैदान तेच होतं, फिटर होता, माझी संध्याकाळ तिथंच होती. ‘कुणालाच न्हाई’, एवढं जरी तो म्हणाला असता, तरी मी चप्पल घालून त्याच्या मागं बसलो असतो.