चार्जरमधील अक्षता

आपल्याला लिहिण्याचा अधिकार आहे, असे मला कधी वाटले नाही. नोकरीची सगळी वर्षे एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात इतरांची पुस्तके जागेवर लावण्यात गेली. त्या रांगांत आपलेही चार शब्द असावेत अशी इच्छा मनात आली, की मी लगबगीने दुसऱ्या कपाटाकडे वळत असे. तेव्हा आता, निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी, आणि तेही एका रिक्षाच्या चार्जरविषयी लिहून वाचकांचा वेळ घेतो आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. तोंडाने बोलणे जमले नाही, एवढेच या लेखनामागचे कारण.

आमच्या मागच्या गल्लीतील शेजारी बॅटरीवर चालणारी रिक्षा चालवतात. मी त्यांना भाई म्हणतो आणि ते मला सर म्हणतात. मी कधी वर्गावर शिकवलेले नाही हे त्यांना अनेकदा सांगून झाले आहे. त्यांची गल्ली इतकी अरुंद, की रिक्षा दारापर्यंत जात नाही. म्हणून ती आमच्या अंगणात उभी राहते आणि तिचा चार्जर आमच्या पोर्चमधील फळीवर असतो. त्यासाठी भाईंनी वेगळे मीटरही बसवून घेतले आहे. चार्जर म्हणजे बिस्किटांच्या डब्याएवढी लोखंडी पेटी. तिच्या माथ्यावर जाळी, जाळीखाली पंखा आणि पुढच्या बाजूला दोन दिवे : लाल म्हणजे चार्जिंग चालू, हिरवा म्हणजे पूर्ण.

त्या वर्षी खंडेनवमीला मी नेहमीप्रमाणे घरातील हत्यारे मांडली. विळी, पत्नीचे शिलाई मशीन, पाना-पक्कड, माझी जुनी स्कूटर. प्रत्येकावर पाणी शिंपडून हळद-कुंकू, अक्षता आणि झेंडूचे फूल वाहिले. ताम्हनात थोडे उरले होते आणि समोर फळीवर चार्जर दिसला. ज्याच्यावर एका घराची चूल पेटते तेही हत्यारच की, असे मनात आले. भाई जेवायला घरी गेले होते. त्यांना विचारावे हे सुचले नाही. फुलाने पाणी शिंपडले, कुंकू लावले, अक्षता वाहिल्या. जाळी माथ्यावर आहे, याकडे माझे लक्षच गेले नाही.

परत आल्यावर भाईंनी फूल पाहिले आणि ते हसले. "अरे वा सर, आमच्या डब्ब्याला बी नवरदेव केलं!"

तिसऱ्या दिवशी चार्जर बंद पडला. लाल दिवा लागे, पण पंखा फिरेना. थोड्या वेळाने जळका वास येऊन दिवाही विझे. चार्जर आठ महिन्यांचा होता आणि वॉरंटी वर्षाची. ओळखीचा एक इलेक्ट्रिकवाला तिथल्या तिथे उघडून पाहायला तयार होता. पण सील तुटले की वॉरंटी गेली. आणि घाई तर होतीच. भाई रोज सकाळी आठ मुलांना शाळेत नेत आणि त्या मुलांची सहामाही परीक्षा तोंडावर आली होती.

"पेपरच्या दिवशी गाडी नाय आली तर आई-बाप माफ नाय करत, सर," ते म्हणाले. "दिवाळीची सुट्टी संपली की दुसरा रिक्षावाला बघतेत."

मला शंका तेव्हाच आली होती. ती बोलून दाखवण्याऐवजी मी म्हणालो, "चला, मीही येतो."

कंपनीचे सर्व्हिस सेंटर चितेगावला, पैठण रस्त्यावर. स्कूटर भाईंनी चालवली. मागे मी, आणि माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला तो चार्जर. पेटी तशी जड नव्हती, पण रस्ता संपता संपत नव्हता.

काउंटरवरच्या तरुण तंत्रज्ञाने बिल पाहिले, सील पाहिले. "सगळं बरोबर आहे, मिळून जाईल," असे म्हणत त्याने स्क्रू काढले, झाकण उचलले आणि तो थांबला. पेटी तिरपी करताच तांदळाचे दोन लाल दाणे टेबलाच्या काचेवर पडले. पंख्याच्या पात्यांवर कुंकवाचा थर वाळून बसला होता.

त्याने फॉर्मवरचे नाव पुन्हा वाचले, मग भाईंकडे पाहिले. "चाचा, याची पूजा कुणी केली?"

मी तोंड उघडले होते. खरोखर उघडले होते. पण शब्द येण्याआधीच भाई बोलले.

"मीच केली."

"तुम्ही?"

"का? गाडीवर रोटी हाय माझी. रोटीला कुणी बी हात जोडावं."

"हात जोडा ना चाचा, पाणी कशाला शिंपडायचं? चार्जर काय तुळस आहे का?"

बाकावर बसलेले दोन रिक्षावाले मोठ्याने हसले. भाईही हसले. आणि मीही हसलो, याची मला आजही लाज वाटते. तंत्रज्ञाच्या पाठीमागे चार्जर तपासण्याचे यंत्र होते. त्यावर कुंकवाची बोटे आणि सुकलेला झेंडू तसाच होता. ते पाहूनही माझ्याच्याने काही बोलवले नाही. त्याने फॉर्मवर लिहिले : आत पाणी व बाहेरचा पदार्थ, वॉरंटी लागू नाही. "आता नेऊन काय करू," असे म्हणून भाईंनी चार्जर तिथेच ठेवला.

परतताना मी नव्या चार्जरचे पैसे देऊ केले. भाईंनी मान न वळवता उत्तर दिले, "नक्को सर. तुम्ही दुवा दिली, तिचे पैसे घेऊ का? डब्ब्याला जरा जास्तीच झाली, एवढंच." दोन दिवस रिक्षा अंगणातच उभी राहिली, आणि ते दोन्ही दिवस पेपरचे होते. नंतर एका मित्राचा चार्जर दुपारपुरता मिळू लागला.

बोलणे जमले नाही म्हणून दुसऱ्याच दिवशी सकाळी मी कंपनीला पत्र लिहायला बसलो. चार खर्डे झाले. पहिल्या तिन्हींत खंडेनवमीचे महत्त्व होते, शेजारधर्म होता, कंपनीचा गौरवही होता. फक्त मी नव्हतो. चौथ्यात तीनच वाक्ये उरली. चार्जरवर पाणी, कुंकू आणि अक्षता मी वाहिल्या. मालकांना विचारले नव्हते. त्यांनी माझ्यासाठी दोष स्वतःवर घेतला.

भाईंना न सांगता मी बसने चितेगावला गेलो. तंत्रज्ञाने पत्र दोनदा वाचले.

"काका, त्या दिवशी का नाही बोललात?"

"जमले नाही."

"पण मालकानं शिंपडलं काय नि शेजाऱ्यानं शिंपडलं काय, कंपनीला सारखंच."

त्याचे म्हणणे रास्त होते. मी निघणार होतो. मग कुठून धीर आला कोण जाणे, मी त्याच्या मागे बोट दाखवले. "तुमचे यंत्र मात्र चालू आहे."

त्याने वळून झेंडूकडे पाहिले आणि त्याला हसू आले. "त्याच्यावर पाणी नाही मारत आम्ही," असे म्हणत त्याने नाकारलेल्या ढिगातून आमचा चार्जर काढला, आतला बोर्ड सोडवला आणि भिंग लावून बराच वेळ पाहिला. बोर्ड कोरडा होता. पंख्याच्या वायरीचा जोड पक्का करणारी झाळ कच्ची राहिली होती. वायर सुटली, पंखा थांबला आणि उष्णतेने पुढचे जळाले. दोष कारखान्यातलाच होता.

"कुंकू दिसलं आणि मी पुढं बघितलंच नाही, काका," तो हळू आवाजात म्हणाला, आणि त्याने नवा फॉर्म भरला.

आठ दिवसांनी बदली चार्जर आला. तोवर आठांपैकी तीन मुले दुसऱ्या रिक्षात गेली होती. ती परत आली नाहीत.

कंपनीचा फोन थेट भाईंना गेला होता. त्यांचा समज असा, की तांदूळ निघूनही कंपनीने भलेपणाने नवा चार्जर दिला. मी तो समज दूर केला नाही. पत्राचे सांगायचे तर माझ्या गप्प राहण्याचेही सांगावे लागले असते. त्या दिवशी बाकावर बसलेल्या दोघांनी गोष्ट स्टँडवर नेली आणि तेव्हापासून सगळे भाईंना भटजी म्हणतात. "काय भटजी, किती फेऱ्या झाल्या?" भाई हसून हात हलवतात. मी तेव्हा मागच्या सीटवर पिशवी घेऊन बसलेलो असतो.

यंदा खंडेनवमीला त्यांनी स्वतःच चार्जर आणून माझ्या पाटावर ठेवला. "सर, याला बी लावा. पर सुकं."

मी कोरडे कुंकू लावले, जाळीपासून दूर. तेव्हाही सगळे ओठांवर आले होते. भाई फूल नीट करत होते, आणि मी ताम्हन उचलून आत गेलो.

माझ्या जागी तुम्ही असता, तर इतक्या उशिरा त्या स्टँडवर जाऊन, सगळ्यांसमोर, ती पूजा मी केली होती असे सांगितले असते का?