मैदानातले दादा

कोल्हापुरातल्या एका मातब्बर फुटबॉल संघाकडून सतरा वर्षांचा ओंकार काल पहिल्यांदा मोठ्यांच्या सामन्यात उतरला. त्याला संघात ठेवायचं की परत ज्युनिअरमध्ये पाठवायचं, हे त्याचा खेळ बघून कर्णधार संजू ठरवणार होता.

ओंकारचे पाय चपळ होते आणि नजर त्याहून चपळ. मोकळी जागा त्याला सगळ्यांच्या आधी दिसायची. तिथं पोहोचून तो ओरडायचा, "दादा, बॉल!" तीन-चार जण एकदम वळायचे आणि तेवढ्यात चेंडू समोरच्या संघाकडे गेलेला असायचा.

"नाव घे की लेका!" संजू वैतागला. "हितं सगळीच दादा हाईत!" प्रेक्षकांत हशा पिकला.

थोरांसमोर एक पाऊल मागे राहायला आपण मुलांना शिकवतो. मग एके दिवशी त्यांना मैदानात सोडतो आणि पुढे का येत नाही म्हणून रागावतो. ते पुढचं पाऊल पायांच्या आधी जिभेला टाकावं लागतं.

उत्तरार्धात उजव्या कडेनं हाक आली, "संज्या!" आवाज जरा फाटला होता. संजूनं न बघताच पास दिला. ओंकारचा फटका गोलखांबाला लागून बाहेर गेला आणि सामना गोलशून्य बरोबरीत सुटला.

शिट्टी झाल्यावर ओंकार मान खाली घालून संजूजवळ आला. "दादा, तोंडातनं नाव गेलं. राग न्हाई न्हवं आला?"

बुटाची नाडी सोडत संजू म्हणाला, "पुढच्या मॅचला नाव जरा लवकर घे."